पाहुण्याला कोणती पायरी द्यावी?

जपानच्या क्यूशू बेटावरचे बेप्पू हे गरम पाण्याच्या झऱ्यांचे गाव. एदो काळात, म्हणजे आपल्याकडे पेशवाई होती त्या सुमारास, गुडघे-कंबर धरलेली माणसे तिथे दिवसेंदिवस मुक्काम टाकून राहत. सकाळ-संध्याकाळ कुंडात डुंबायचे आणि मधल्या वेळात आपले आपण रांधून खायचे. रांधायचे म्हटले की तांदूळ धुवायला टोपली हवी, भाजी निथळायला चाळण हवी. ती आसपासच्या डोंगरातल्या बांबूची, गावातच विणलेली मिळे. घरी परतताना लोक तीच टोपली बरोबर नेऊ लागले आणि स्वयंपाकघरातल्या त्या साध्या वस्तूवर गावाचा धंदा उभा राहिला. १९०२ साली तिथे कारागीर घडवणारी शाळा निघाली. १९६७ साली बेप्पूच्या शोनो शोउन्साई यांना ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ हा मान मिळाला. बांबूकामात तो मिळवणारे ते पहिले. १९७९ साली बेप्पूच्या बांबूकामाला सरकारने पारंपरिक हस्तकलेचा दर्जा दिला. ‘हवापालट’ करायला येणाऱ्यांनी एखादी कला जगवल्याचे याहून स्वच्छ उदाहरण मला ठाऊक नाही.

आज बेप्पूला जाणारा पाहुणा टोपली विकत घेऊन थांबत नाही, त्याला ती विणून पाहायची असते. जपानमध्ये अशा तासा-दोन तासांच्या शिकवणीला ‘ताईकेन’ म्हणतात आणि ती आता प्रवासाच्या बेतात देवळाइतकीच पक्की झाली आहे. बेप्पूत बांबूच्या पट्ट्यांचा छोटा गोल घुंगरू विणता येतो. तोकुशिमात निळीच्या पिंपात रुमाल बुडवता येतो. मिनोमध्ये चौकट हलवून कागदाचा ताव उचलता येतो. ओकायामाजवळच्या इम्बे गावात चाकावर बिझेन पद्धतीचा पेला घडवता येतो. ओकायामा हे नाव पुणेकरांना नवे नाही. सिंहगड रस्त्यावरची पु. ल. देशपांडे यांच्या नावाची बाग त्याच शहरातल्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर आखलेली आहे, आणि पु.लं.च्या ‘पूर्वरंग’मुळे जपान मराठी घरांत त्याआधीच पोहोचला होता.

या सगळ्या शिकवण्यांत एक गोष्ट न सांगता ठरलेली असते. पाहुण्याच्या हाती येते ती बहुधा शेवटची पायरी.

बेप्पूच्या त्या घुंगरूसाठी लागणाऱ्या पट्ट्या आधीच तासून, एका जाडीच्या, एका रुंदीच्या करून ठेवलेल्या असतात. खरे कसब तिथे आहे. नुसता बांबू चिरायला शिकण्यात तीन वर्षे जातात असे तिथले कारागीर म्हणतात, आणि प्रांतिक सरकारच्या बांबूकाम प्रशिक्षण केंद्राचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे. निळीचेही तेच. तोकुशिमात निळीची वाळलेली पाने ढीग करून, पाणी मारून, पुन्हा पुन्हा उलथून सुमारे शंभर दिवस कुजवतात. मग राखेच्या निवळीत आणि कोंड्यात ती आंबवून पिंप ‘जिवंत’ करतात. पाहुणा येतो तेव्हा पिंप तयार असते. तो रुमाल बुडवतो, बाहेर काढतो, हवा लागताच हिरवट रंग निळा होतो आणि सगळे खूश. हे म्हणजे पुरण शिजवून, वाटून, कणीक तिंबून ठेवायची आणि पाहुण्याच्या हाती फक्त लाटणे द्यायचे. पोळी त्यानेच लाटलेली असते, खोटे काहीच नसते. पण पुरणपोळी कशाला म्हणतात ते त्याला कळलेले नसते.

बिझेनच्या पेल्याची गोष्ट थोडी बरी. तिथे पाहुणा पेला घडवून निघून जातो आणि भट्टीत लाल पाइनची लाकडे घालून दहा-बारा दिवस आग राखायचे काम कुंभाराकडे राहते. या भांड्याला झिलई नसते. उडालेली राख आणि ज्वाळेची वाट यांनीच त्यावर रंग उमटतो. पेला काही महिन्यांनंतर टपालाने घरी येतो. त्या थांबण्यातूनच पाहुण्याला थोडेफार काही कळते. उलट किंत्सुगीत, म्हणजे फुटके भांडे लाखेने सांधून सांध्यावर सोने भुरभुरण्याच्या कामात, पर्यटकांची बरीच फसगत होते. खरी ‘उरुशी’ लाख झाडाच्या चिकापासून येते. ती वाळत नाही. दमट हवेत एका विकराच्या क्रियेने घट्ट होते. त्यासाठी भांडे ओलसर पेटीत ठेवून थरामागून थर चढवत आठवडे घालवावे लागतात. तासाभरात हाती मिळते ते पुष्कळदा रासायनिक गोंद आणि पितळेची भुकटी. (आपल्याकडे जुलैत पापड सादळवणारी कोकणची हवा या लाखेला मात्र अगदी मानवली असती.)

एक कला या सगळ्याला अपवाद आहे. ओरिगामी. तिला लागणारा कागद कुठेही मिळतो, हत्यार लागत नाही, ऋतू लागत नाही. आकीरा योशिझावा यांनी विसाव्या शतकात घड्या दाखवायची रेघा-बाणांची खूण पद्धत बसवल्यावर ती भाषेवाचूनही शिकता येऊ लागली. म्हणून तर अनिल अवचटांना पुण्यात बसून ती हस्तगत करता आली आणि ‘मजेदार ओरिगामी’ लिहून मराठी पोरांच्या हाती देता आली. जी कला अशी सगळीच्या सगळी बोटांत मावते ती समुद्र ओलांडून आपल्या दारी येते. जिचा निम्मा भाग मातीत, पाण्यात आणि हवेत असतो तिच्याकडे आपल्यालाच जावे लागते. सुट्टीत प्रवास करून कला शिकण्याला काही अर्थ असेल तर तो एवढाच, आणि मग जपानच कशाला, आपल्या किनाऱ्यावरचे गुहागरही तितकेच चालते.

गुहागरची ठेवण पाहिली की मी काय म्हणतो ते ध्यानात येईल. समुद्राला समांतर एक लांबच लांब रस्ता. वरचा पाट, खालचा पाट, बाग अशी त्याच्यावरची वस्ती. समुद्राकडच्या बाजूला घराच्या मागच्या दारापासून थेट पुळणीपर्यंत गेलेल्या अरुंद, लांब वाड्या, त्यांत नारळ आणि पोफळी, आणि शेवटी सुरूची रांग. मे महिन्यात मुंबई-पुण्याहून आलेली मंडळी व्याडेश्वराचे दर्शन घेतात, हेदवीचा दशभुज गणपती, वेळणेश्वर, अंजनवेलचा गोपाळगड पाहतात, दुपारी आमरस ओरपून झोपतात आणि संध्याकाळी पाण्यात जातात. ज्या घरी उतरतात त्याच घराच्या मागे, चालत दोन मिनिटांवर, बेप्पूच्या तोडीचे सामान पडलेले असते. पण आपल्याला ते पालापाचोळा वाटते.

त्यात पहिली झावळ. नारळाच्या मोठ्या झाडाला साधारण महिन्याला एक नवी झावळ येते आणि जवळपास तितक्याच जुन्या होऊन गळतात. म्हणजे कच्चा माल बिनतोटा. चार-पाच मीटर लांबीच्या मधल्या दांड्याला दोन्ही बाजूंची मिळून दोनशेच्या वर पाती. दांडा उभा चिरायचा आणि अर्धुके पाण्यात भिजत टाकायची. भिजून ती लवचीक झाली की झाप विणायला बसायचे.

आता इथे एक कोडे आहे. विणायचे म्हणजे दोन दिशांचे धागे हवेत, आडवे आणि उभे. चिरलेल्या अर्धुकाला तर एकाच बाजूची पाती, सगळी एकाच दिशेला झुकलेली. माग नाही, चौकट नाही. कोकणातल्या माणसाने यावर काढलेली तोड अशी, की एकाआड एक पाते उलटे मोडायचे आणि विरुद्ध दिशेला वळवायचे. झाले दोन संच. उजवीकडे झुकलेली पाती आणि डावीकडे वळवलेली पाती एक वर, एक खाली अशी तिरकी गुंफत न्यायची. दांड्याचा चिरलेला भाग हीच चौकट. दोन्ही संच जन्मतःच तिला घट्ट जोडलेले, त्यामुळे एका बाजूने उसवायची भीतीच नाही. मोकळ्या कडेला पात्यांच्या टोकांची वेणी घालून ती बंद केली की झाप पुरा. एकही खिळा नाही, दोरा नाही, मोजपट्टी नाही.

मी ज्या घरी उतरलो होतो तिथल्या आजींच्या शेजारी बसून हे करून पाहिले. नवखा माणूस काय करतो? वीण घट्ट यावी म्हणून ओढतो. पात्याच्या मधोमध असतो तो हीर, म्हणजे ज्याचा खराटा होतो ती कडक शीर. ओढ बसली की पाते हिराजवळ फाटते आणि वळणावर हीर कडकन मोडतो. आजी आपल्या अर्धुकावरची नजर न काढता म्हणाल्या, “अरे, ओढतोस काय असा? बसव त्याला.” त्यांचा हात पाहिला तर तो ओढत नव्हताच. पाते वळते तिथे त्या अंगठ्याने किंचित दाबत आणि पुढचे पाते आपसूक त्या घडीत जाऊन बसे. घट्टपणा येतो तो ओढण्यातून नाही, पात्यांच्या दाटीतून. हे पुस्तकात वाचून कळले असते का? कळले असते, पण हीर मोडल्याचा आवाज ऐकल्याशिवाय पटले नसते.

झाप लागायचा कशाला, तर पावसाआधी पडवीला आणि भिंतींना. कोकणात पाऊस वरून पडतो तेवढाच बाजूनेही येतो. त्या झडीपासून भिंत वाचवायला, लाकडे झाकायला, लग्नामुंजीच्या मांडवाला झाप हवेच. एक-दोन पावसाळे टिकले की त्यांचे खत. आता निळी ताडपत्री आणि हिरवी जाळी आली. ताडपत्री वाईट आहे असे मी म्हणणार नाही. ज्याला वर्षभराची कामे उरकायची आहेत त्याला ती सोयीचीच. पण झापाखाली दुपारी बसून पाहा आणि मग ताडपत्रीखाली बसा. विणीतल्या फटींतून गरम हवा निघून जाते, ताडपत्रीखाली ती कोंडते.

जपानच्या १९७४ च्या कायद्यात पारंपरिक हस्तकलेचा दर्जा द्यायच्या अटी आहेत. वस्तू मुख्यतः रोजच्या वापरातली हवी, महत्त्वाचे काम हाताने झालेले हवे, कृती आणि कच्चा माल शंभर वर्षांपासून चालत आलेला हवा, आणि एका भागात ती करणारे पुरेसे लोक हवेत. या कायद्याखाली तिथे दोनशे चाळीसच्या आसपास हस्तकला आहेत. आपला झाप पहिल्या तिन्ही अटींत उत्तम गुणांनी पास होतो. चौथीत काय होईल ते वाडीत जाऊन पाहावे. झाप विणणारे हात बहुतेक साठीच्या पुढचे आहेत. यानागी सोएत्सु या जपानी विचारवंताने १९२० च्या दशकात ‘मिंगेई’ची चळवळ सुरू केली, तिचा आग्रहच हा होता की खरे सौंदर्य नावगाव नसलेल्या कारागिराच्या रोजच्या भांड्याकुंड्यांत असते. १९३६ साली तोक्योत त्यांनी अशा वस्तूंचे संग्रहालय उभारले. आपल्याकडे झापाला, रोवळीला, इरल्याला कोणी कलावस्तू म्हटले नाही, आणि एका परीने बरेच झाले, त्या वस्तू कामात राहिल्या. पण काम संपले तसे त्यांच्यामागे उभे राहणारेही कोणी उरले नाही.

दुसरी वस्तू सुंभ, आणि हिच्यात शिकण्यासारखे सर्वांत जास्त आहे असे माझे मत. नारळ सोलला की सोडण उरते. ते सरळ पिंजून काथ्या निघतो, पण तो तपकिरी आणि राठ. मऊ, फिकट सोनेरी काथ्या हवा तर पुरता न पिकलेल्या नारळाची हिरवी सोडणे खाडीकाठच्या चिखलपाण्यात पुरून महिनोन्‌महिने कुजवावी लागतात. कुजते ते तंतूंना धरून ठेवणारे भोवतालचे मऊ द्रव्य. जिवाणू ते खातात. तंतू मात्र तसाच राहतो, कारण त्यात लिग्निन हे लाकडाला कडकपणा देणारे द्रव्य चाळीस टक्क्यांच्या आसपास आहे. वनस्पतीच्या तंतूंत हे प्रमाण फारच मोठे, आणि म्हणूनच खाऱ्या पाण्यात कापसाचा दोर सडतो तिथे काथ्याचा टिकतो. कुजलेली सोडणे बडवून, धुऊन, वाळवून काथ्या मोकळा होतो.

या काथ्याचा एक तंतू वीतभर, फार तर दीड वीत. एवढ्याशा तुकड्यांतून वाडीभर लांबीची दोरी कशी होते? गाठ तर कुठेच नसते. दोन झुपके घ्यायचे, तळहातांत धरून दोन्हींना एकाच दिशेने पीळ द्यायचा. पिळलेल्या प्रत्येक पेडाची उलगडायची धडपड चालू असते. आता दोन्ही पेड एकत्र सोडले की ते उलगडू पाहताना एकमेकांभोवती उलट दिशेने गुंडाळले जातात. एकाची उलगडायची ओढ दुसऱ्याचा पीळ घट्ट करते. दोन विरुद्ध पीळ एकमेकांना अडवून बसतात, आणि दोरी जितकी जोरात ताणावी तितके आतले तंतू एकमेकांवर अधिक दाबले जातात. म्हणजे तुकडे सुटत नाहीत ते केवळ घर्षणामुळे. पेड बारीक होत आला की संपायच्या आधीच नवा झुपका मिसळायचा, आणि दोन्ही पेडांत एकाच जागी कधीच नाही. नाहीतर दोरी नेमकी तिथेच तुटते. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, ही म्हण ज्याने पहिल्यांदा उच्चारली त्याने जळका सुंभ खरोखर पाहिला असणार. राखेतही ते दोन पेड उलट-सुलट गुंडाळलेले दिसतात.

जपानमध्ये हेच तत्त्व भाताच्या पेंढ्यात सापडते. नववर्षाआधी शिंतो देवळांसमोर आणि घरांच्या दारांवर ‘शिमेनावा’ नावाचा पेंढ्याचा दोर बांधतात, आणि डिसेंबरात तो वळायला पाहुण्यांनाही बसवतात. रोजच्या वापराचा दोर वळतात त्याच्या उलट, डावा पीळ देऊन हा देवाचा दोर करायचा. तिथेही पाहुणा येण्याआधी कोणीतरी पेंढा मोगरीने बडवून मऊ केलेला असतो. तरी दोर वळणे ही पायरी मला निळीच्या रुमालापेक्षा कितीतरी मोलाची वाटते. कारण तिथे वस्तू पाहुण्याला फसू देत नाही. पीळ कमी पडला तर दोर लगेच सैल पडतो, जास्त पडला तर त्याला वेटोळे येते. शिक्षकाने शाबासकी दिली काय किंवा न दिली काय, दोर सांगतो. पाहुण्याला द्यायची पायरी अशी असावी: कमी वेळात हाती घेता येण्याजोगी, पण जिच्यात सामान उलटून बोलते. झाप आणि सुंभ दोन्ही या कसोटीला उतरतात.

सुंभाची थोरवी वाडीपुरती आहे असे समजू नये. अरबी समुद्रातली जुनी गलबते खिळ्यांनी नव्हे, तर काथ्याच्या दोराने फळ्या शिवून बांधत. मार्को पोलोने होर्मुझच्या बंदरात अशी नारळाच्या दोराने शिवलेली जहाजे पाहिल्याचे लिहून ठेवले आहे. लाटेच्या दणक्याला खिळ्याची फळी फुटते, शिवलेली थोडी लवते. हे ज्ञान पार विसरले जाण्याच्या बेतात असताना भारतीय नौदलाने अजिंठ्याच्या लेण्यातल्या पाचव्या शतकातल्या जहाजाच्या चित्रावरून एक शिवलेले जहाज बांधून घेतले. गोव्यात, केरळच्या जुन्या शिलाई कारागिरांच्या हातांनी, काथ्या आणि राळ वापरून ते उभे राहिले आणि २१ मे २०२५ रोजी कारवारला नौदलात दाखल झाले. त्याचे नाव ‘आयएनएसव्ही कौंडिण्य’. चित्र महाराष्ट्रातले, हात केरळचे.  सिंधुदुर्गात वेंगुर्ल्याला बायकांच्या सहकारी संस्थेने काथ्याचे काम धरून ठेवले आहे, तेवढाच दिलासा.

तिसरी गोष्ट आमसुलाची, तिला कला म्हणावे की स्वयंपाक हा वाद घालणाऱ्यांनी खुशाल घालावा. रातांबा पिकतो एप्रिल-मे महिन्यांत, म्हणजे शाळेच्या सुट्टीत. फळ चिरून साल वेगळी करायची, गर आणि बिया मिठात घालून रस सोडवायचा, साली त्या रसात भिजवून उन्हात वाळवायच्या, पुन्हा भिजवायच्या, पुन्हा वाळवायच्या. याला पुटे देणे म्हणतात आणि हे काम आठवडाभर तरी चालते. पाऊस जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात कोकणात उतरतो, त्यामुळे सगळी धावपळ त्याच्या आधी. बियाही वाया जात नाहीत, त्यांचे मुठेल निघते, ते हिवाळ्यात फुटलेल्या टाचांना लावतात. जपानी ‘उमेबोशी’ची कृती जवळपास हीच. आंबट उमे फळे जूनमध्ये मिठात मुरवायची, तांबड्या शिसोच्या पानांनी लाल रंग आणायचा आणि तीन दिवस उन्हात घालायची. फरक एवढाच, की जपानचा पावसाळा जुलैच्या उत्तरार्धात संपतो, म्हणून ते पावसानंतर वाळवतात आणि आपण पावसाआधी. खारट-आंबट आणि लाल, दोघांच्याही बरणीत वर्षभर. पण तीन दिवसांसाठी आलेल्या पाहुण्याला पुटे देणे पुरते शिकवता येत नाही. त्याला एक पूट दिसते. आलाच तर त्याने सकाळी साली पसरायला आणि रात्री गोळा करायला हातभार लावावा. त्यात तो आकाशाकडे बघायला शिकतो, आणि आमसुलात ते सर्वांत महत्त्वाचे आहे.

बाहेरच्या माणसाने कला शिकणे ही आपल्याकडे नवी गोष्ट असली तरी तिचे एक मोठे उदाहरण कोकणातच आहे. सावंतवाडीच्या गंजिफा. गोल, हाताने रंगवलेले, लाख चढवलेले पत्ते. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे बारा-बारा, म्हणजे एकशे वीस. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर हे पत्ते करू शकणाऱ्या म्हाताऱ्या चिताऱ्यांपैकी जवळपास एकच उरला होता. राजे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी ही कला पुन्हा उभी केली. त्यासाठी राणी स्वतः त्या चिताऱ्याकडून शिकल्या, मग इतरांना शिकवले, आणि राजवाड्यात कारागीर बसू लागले. आज सावंतवाडीला जाणाऱ्याला तिथे पत्ते रंगवणारे हात पाहता येतात. २०१८ साली सत्त्वशीलादेवी गेल्या, काम चालू आहे. शिकणारा माणूस विकत घेणाऱ्यापेक्षा कलेच्या जास्त उपयोगी पडू शकतो, ते असे. पण त्यांनी तासाभराची शिकवणी घेतली नव्हती, हेही ध्यानात ठेवावे.

आणि आणखी एक गोष्ट बोलायला हवी. आपल्याकडे हातांची कामे जातींनी वाटून दिलेली होती. टोपली बुरुडाने विणायची, मडके कुंभाराने घडवायचे, जाळे मच्छीमाराने. ज्यांच्याकडे सुट्टी आणि पैसे होते त्यांनी त्या कामाला हात लावायचा नाही, फक्त भाव पाडून घ्यायचा. आज पुण्याचा एखादा संगणक अभियंता बुरुडाच्या दारात बसून बांबू चिरायला शिकू लागला तर तिथे पहिल्यांदाच नाते उलटे होते: जाणता तो खाली बसलेला, नेणता हा पैसे देणारा. हे चांगलेच आहे, पण त्यात एक धोका आहे. शिकवणीचे पैसे वस्तूपेक्षा जास्त मिळू लागले की माणूस टोपल्या करणे सोडून टोपल्या करून दाखवू लागतो. 

सरकारनेही या कामांची दखल घेतली आहे. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या ‘पीएम विश्वकर्मा’ योजनेतल्या अठरा व्यवसायांत टोपली, चटई, केरसुणी आणि काथ्याचे काम करणारे आहेत, होड्या बांधणारे आहेत, मासेमारीची जाळी विणणारेही आहेत. मूलभूत प्रशिक्षण पाच ते सात दिवसांचे, रोज पाचशे रुपये विद्यावेतन. ही योजना ज्यांच्या हातात काम आधीपासून आहे त्यांच्यासाठी आहे. सुट्टीवर आलेल्याला त्यात जागा नाही, आणि असूही नये.

मग गुहागरला जाणाऱ्याने करावे काय? पाटी शोधू नये. ज्या घरी उतरलात तिथेच विचारावे, वाडीत काम कधी असते आणि कोण करते. मे महिना असेल तर झाप आणि आमसुले दोन्ही सापडतील. गणपतीत किंवा दिवाळीत गेलात तर ती सापडणार नाहीत. सुंभ वळायला वर्षभर चालते, फक्त काथ्या मिळायला हवा. झाप शिकायचा तर तयार भिजवलेले अर्धुक मागू नका. पडलेली झावळ ओढून आणण्यापासून सुरुवात करा, ती कुठली घ्यायची आणि कुठली टाकायची हे विचारा, भिजायला लागतील तितके दिवस समुद्रात डुंबा. शिकवणाऱ्याचा दिवस मोडतो त्याचे पैसे वाडीतल्या दिवसाच्या मजुरीपेक्षा कमी देऊ नका, आणि तुमच्या हातून फाटलेल्या अर्धुकाचेही द्या. मुलांना बरोबर घ्या, त्यांची बोटे पात्याला लवकर सरावतात. तेही हीर मोडतील, त्यांना रागावू नका. आणि झाप घेऊन गाडीत कोंबू नका. शहरात त्याचा शोभेपलीकडे उपयोग नाही, वाडीत मात्र पावसाआधी त्याला भिंत वाट पाहत असते.